नांव लायकाचें, कूळ खार्किवचें

आमच्या एका वडीलधाऱ्या आप्तांनीं तीसएक वर्षांपूर्वीं मुंबईच्या जुन्या बाजारांतून एक कॅमेरा विकत घेतला होता. त्याच्या माथ्यावर ‘लायका’ हें नांव कोरलेलें असल्यामुळें घरांत त्याला देव्हाऱ्यांतल्या मूर्तीचा मान असे. घरचीं बारशीं, मुंजी आणि लग्नें त्यानेंच टिपलीं. ते निवर्तल्यावर, हें यंत्र दुरुस्त करून विकावें व येणारी रक्कम त्यांच्या नातीच्या शिक्षणास द्यावी, असें ठरलें. आणि दुरुस्तीचें काम आम्हीं हौसेनें अंगावर घेतलें.

या यंत्राचा मुख्य दोष त्याच्या अंतरमापकांत होता. ज्यास रेंजफाइंडर म्हणतात, त्या या योजनेचें तत्त्व सोपें आहे. दोन झरोक्यांतून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा आंत येतात. एक अर्धवट चांदी चढविलेल्या कांचेतून सरळ दिसते, दुसरी एका बाजूच्या परावर्तकावरून येऊन त्याच कांचेवर पडते. भिंग फिरविलें कीं एक दांडी हलते, तिच्याबरोबर दुसरी प्रतिमा सरकते, आणि दोन्ही एकरूप झाल्या म्हणजे भिंगाचा नेम बरोबर बसला असें समजावें. आमच्या यंत्रांत या प्रतिमा जुळतच नव्हत्या. शिवाय कोंकणांतल्या अनेक पावसाळ्यांनीं कांचांवर बुरशीचें जाळें विणलें होतें.

वरचें झांकण काढून आम्ही साफसफाईस लागलों, आणि पहिल्याच दिवशीं आमच्या हातून प्रमाद घडला. स्पिरिटांत भिजविलेल्या कापसानें ती अर्धवट चांदीची कांच पुसतांना कडेची चांदी कापसाबरोबर निघून आली. अशा कांचेस मऊ कुंचल्याखेरीज कांहींहि लावूं नये, हा धडा आम्हांस असा महाग पडला. दुसरी प्रतिमा त्या बाजूस कायमची फिकट झाली.

यानंतर भिंग उतरवून आम्हीं त्या दांडीचें टोक तपासलें. अस्सल लायकांत तेथें एक चिमुकलें गोल चाक असतें. येथें मात्र पाचरीसारखें टोक होतें. मनांत शंका आली. माथा उन्हांत तिरपा धरून पाहिला, तों कोरलेल्या जर्मन नांवाखालीं घासून टाकलेल्या तीन रशियन अक्षरांच्या पुसट खुणा दिसल्या. तीं अक्षरें ‘फेड’ अशीं होतीं.

मूळ लायका ऑस्कर बार्नाक या यंत्रज्ञाची कल्पना. जर्मनींतील वेट्झलार येथील लाइट्झ यांच्या कारखान्यांत त्यानें १९१३-१४ च्या सुमारास सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फितीवर चालणारें छोटें यंत्र घडविलें. महायुद्धानें खोळंबा केला. १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत तें लोकांपुढें आलें. १९३२ सालीं भिंगाशीं जोडलेला अंतरमापक त्यांत बसविण्यांत आला. याच नमुन्याची नक्कल करून १९३४ सालीं युक्रेनमधील खार्किव येथें ‘फेड’ निघूं लागला.

हा कारखाना ज्या संस्थेंत उभा राहिला, ती १९२७ सालीं स्थापन झालेली अनाथ मुलांची वसाहत होती. यादवी युद्ध व दुष्काळ यांनीं रस्त्यावर फेकलेलीं मुलें तेथें ठेवलीं जात. शिक्षणतज्ज्ञ आंतोन माकारेंको यांच्या देखरेखीखालीं तीं अर्धा वेळ शिकत व अर्धा वेळ कारखान्यांत राबत. प्रथम त्यांनीं विजेवर चालणारीं भोंकें पाडण्याचीं यंत्रें केलीं, मग कॅमेरे. ‘फेड’ हीं सोव्हिएट गुप्त पोलिसांचा संस्थापक फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की याच्या नांवाचीं आद्याक्षरें. ज्याच्या नांवानें मोठमोठ्यांचा थरकांप होई, तें नांव पोरक्या मुलांच्या हस्तकौशल्यावर कोरलें जावें, हा इतिहासाचा विचित्र योग होय. पुढें १९४१ सालीं जर्मन सैन्य चाल करून आलें, तेव्हां हा कारखाना सैबेरियांत बेर्दस्क येथें हलवावा लागला. त्यानंतर कित्येक वर्षांनीं, लायकाचें मोल वाढलेलें पाहून, कोणीं चलाखांनीं अशा यंत्रांवरचीं मूळ अक्षरें घासून जर्मन नांव कोरलें.

आतां प्रश्न आमच्या सचोटीचा होता. हें गुपित आमच्याखेरीज कोणासहि ठाऊक नव्हतें, आणि लायका म्हणून विकल्यास किंमत कितीतरी पट आली असती. परंतु जी लबाडी आमच्या आप्तांस भोंवली, तीच पुढच्या गिऱ्हाइकाच्या पदरीं बांधणें आम्हांस रुचेना. आम्हीं घरीं सर्व हकीकत सांगितली, कांचेच्या चांदीसह. क्षणभर सर्वांचीं तोंडें उतरलीं. मग ती नातच म्हणाली, “आजोबांनीं काढलेले फोटो तर खोटे नाहींत ना, काका? मग हा मलाच द्या.”

पुढच्या बाजूच्या एका स्क्रूआड दडलेला बारीक स्क्रू फिरवून, गच्चीवरून दूरच्या देवळाच्या कळसावर आम्हीं दोन्ही प्रतिमा जुळविल्या. एका कडेस कळस अजून फिकट दिसतो. पण तो एकच दिसतो. शिक्षणाच्या रकमेची तजवीज आम्हीं सर्वांनीं वर्गणी करून केली.