लेव्हल कुणाची, पोकेमॉनची की खेळणाऱ्याची?

ज्यांना ऐकायला वेळ नसतो त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा थोडी साफसफाई करून लिहून काढलाय. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमतील तेवढे काढलेत. सगळे नाही निघाले.

आजचा विषय पोकेमॉन. पण पिकाचू किती गोड वगैरे नाही, आज आकड्यांचा इतिहास. ‘मी किती पुढे गेलो’ आणि ‘मी किती चांगला खेळतो’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि जवळजवळ तीस वर्षं हा खेळ त्यांची गल्लत करतोय, निस्तरतोय आणि पुन्हा करतोय.

सुरुवात २७ फेब्रुवारी १९९६. जपानमध्ये गेम बॉयवर ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ आले. सातोशी ताजिरी आणि त्यांची गेम फ्रीक कंपनी. या खेळात खेळाडूला स्वतःची लेव्हलच नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. लेव्हल असते ती पोकेमॉनची, १ ते १००. खेळाडूकडे असतात आठ बॅज. आणि बॅज हे नुसतं पदक नाही, परवाना आहे. मित्राकडून केबल लावून अदलाबदलीत तगडा पोकेमॉन घेतला, तर पुरेसे बॅज नसताना तो तुमचं ऐकतच नाही. कॅस्केड बॅज मिळाला की ३० लेव्हलपर्यंतचे ऐकतात, रेनबोवर ५०, मार्शवर ७०, आणि शेवटच्या अर्थ बॅजनंतर सगळे. मोठ्या भावाचा लेव्हल ८०चा पोकेमॉन आणून खेळ संपवायचा शॉर्टकट तिथेच बंद. मला हे डिझाइन आजही आवडतं. नियम भिंतीसारखा समोर येत नाही. तो प्राणी लढाईच्या मध्यात झोपी जातो, आणि नियम कळतो.

आता लेव्हलचं गणित. ही माझी आवडती जागा आहे, जरा सहन करा. प्रत्येक पोकेमॉनची वाढ एका सूत्रावर चालते आणि पहिल्या पिढीत अशी चार सूत्रं होती. पिकाचूचं साधं: लेव्हलचा घन. १०० लेव्हलला बरोबर १०,००,००० अनुभव-गुण. जिग्लीपफ लवकर वाढते, तिला ८,००,००० पुरतात. ड्रॅगोनाइट आणि म्यूटूला १२,५०,००० लागतात. आणि चौथा गट, ज्यात बल्बासॉर, चारमँडर, स्क्विर्टल आणि म्यू येतात, त्याचं सूत्र वाकडं आहे: लेव्हलच्या घनाचे सहा पंचमांश, वजा वर्गाची १५ पट, अधिक लेव्हलची १०० पट, वजा १४०. १०० घातले की १०,५९,८६० येतात. ठीक. आता १ घालून बघा. उणे ५४.

अनुभव-गुण साठवायला तीन बाइट होते आणि त्यात उणे चिन्हाला जागाच नव्हती. त्यामुळे उणे ५४चे झाले १,६७,७७,१६२. म्हणजे लेव्हल १चं ते पिल्लू कागदोपत्री कोट्यधीश! ५४पेक्षा कमी गुण मिळतील अशी एखादी किरकोळ लढाई जिंकली, की खेळ हिशोब करतो, आकडा बघून दचकतो आणि त्याला थेट १०० लेव्हल देऊन टाकतो. नेहमीच्या खेळात लेव्हल १चा पोकेमॉन मिळतच नव्हता, म्हणून हे झाकलेलं राहिलं. पुढे लोकांनी दुसऱ्या एका बगच्या आधाराने लेव्हल १चा म्यू काढला आणि मजा घेतली. बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कुणालाही ही गोष्ट रात्री सांगू नये.

पण लेव्हल खरं काय मोजते? वेळ. गवतात किती तास फिरलात ते. दोन मुलं समोरासमोर केबल लावून बसली, तर ज्याच्याकडे सुट्ट्या जास्त तो जिंकणार. हे निन्टेन्डोच्याही लवकर लक्षात आलं असावं, कारण १९९७च्या निन्टेन्डो कपचा नियम असा होता: पोकेमॉन ५० ते ५५ लेव्हलचेच, आणि लढाईसाठी निवडलेल्या तिघांची बेरीज १५५च्या वर नाही. एकाला ५५ दिला तर उरलेले दोघं ५०वर. म्हणजे लेव्हल फुशारकी उरली नाही, महिन्याच्या बजेटसारखी झाली. नंतरच्या स्पर्धांत तर सगळेच सरसकट ५०वर आणायची पद्धत पडली. वेळ बाजूला काढला, उरला खेळाडू. आता तो मोजायचा कसा?

उत्तर बुद्धिबळातून आलं. अर्पाद एलो, हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांची पद्धत अमेरिकन बुद्धिबळ महासंघाने १९६०मध्ये आणि फिडेने १९७०मध्ये स्वीकारली. कल्पना साधी: दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून जिंकण्याची शक्यता काढायची. २०० गुणांचा फरक म्हणजे वरच्याची शक्यता साधारण ७६ टक्के. अपेक्षित निकाल लागला तर थोडे गुण हलतात, उलटफेर झाला तर जास्त. मार्क ग्लिकमन यांनी १९९५मध्ये यात ‘या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा’ हाही एक आकडा जोडला, ती ग्लिको पद्धत. चाहत्यांनी २०११मध्ये सुरू केलेल्या ‘पोकेमॉन शोडाऊन’ या ब्राउझरमधल्या सिम्युलेटरवर एलो आणि ग्लिको दोन्ही शेजारी दिसतात. अधिकृत खेळात ‘स्वोर्ड’ आणि ‘शील्ड’ (२०१९) यांनी त्यावर रंग चढवला: बिगिनर, पोके बॉल, ग्रेट बॉल, अल्ट्रा बॉल, मास्टर बॉल अशा पायऱ्या.

माझी तक्रार एक आहे. बुद्धिबळात दोघांकडे तीच १६ मोहरी. इथे टीम तुम्ही निवडता. माझी टीम तुमच्या टीमला हरवते, तुमची तिसऱ्याच्या, आणि तिसऱ्याची माझ्या. हे वर्तुळ एका आकड्यात बसत नाही. शिवाय चाल चुकते, क्रिटिकल हिट लागतो. शे-दोनशे सामन्यांनंतर आकडा बोलायला लागतो. दहा सामन्यांवरून गर्व किंवा रडारड करू नये.

खेळाडूंना रँक असते तशी पोकेमॉनलाही असते, आणि ती कंपनीने नाही, चाहत्यांनी दिली. स्मोगन नावाचा हा समुदाय २००४पासून आहे. त्यांचा वरचा गट म्हणजे ‘ओव्हरयूझ्ड’. त्यात कोण बसणार? जुनी रेघ होती ३.४१ टक्के वापर. हा विचित्र आकडा कुठून आला? २० सामने खेळलात तर तो पोकेमॉन एकदा तरी समोर येण्याची शक्यता निम्मी असावी, एवढ्यावरून. नंतर २०चे १५ सामने केले आणि रेघ ४.५२ टक्क्यांवर गेली. कॅल्क्युलेटरवर करून बघा, बरोबर येतं. कुणी तज्ज्ञ बसून ‘हा चांगला, हा वाईट’ म्हणत नाही. लोक काय घेऊन येतात ते मोजायचं आणि दर काही महिन्यांनी यादी हलवायची. रेघेखाली गेलेल्यांसाठी वेगळा खेळ असतो, त्यामुळे तुमचा आवडता दुबळा पोकेमॉनही कुठेतरी खेळतोच.

मग २०१६ला ‘पोकेमॉन गो’ आला आणि गाडी पुन्हा वेळेवर येऊन थांबली. इथे खेळाडूलाच लेव्हल दिली, ४०पर्यंत. ३०ला पोचायला २० लाख एक्सपी, ४०ला एकूण २ कोटी. म्हणजे शेवटच्या दहा पायऱ्या पहिल्या तीसच्या नऊ पट जड. एक्सपी मिळतो पकडून आणि पोकेस्टॉप फिरवून. हे स्टॉप मुख्यतः कंपनीच्या आधीच्या ‘इन्ग्रेस’ खेळातून आले, जिथे खेळाडूंनीच जागा सुचवल्या होत्या. जिथे इन्ग्रेस खेळणारे नव्हते तिथे नकाशा ओसाड. भारतात डिसेंबर २०१६मध्ये रिलायन्स जिओबरोबर खेळ आला, तेव्हा रिलायन्स डिजिटलची दुकानं स्टॉप झाली. साहजिकच शहरात. पुण्यात जे एका संध्याकाळी जमतं त्याला तालुक्याच्या गावात आठवडा लागू शकतो, आणि लेव्हलचा आकडा दोघांच्या नावापुढे सारखाच छापला जातो. १९९७ला बेरीज १५५ करून जे काढून टाकलं होतं ते परत आलं, फक्त आता सुट्टीच्या जोडीला पत्ताही मोजला जातो.

३० नोव्हेंबर २०२०ला मर्यादा ५० झाली. वर्षअखेरपर्यंत ४० गाठणाऱ्यांना जुन्या मानाची आठवण म्हणून एक पदक आणि गॅराडॉसची टोपी मिळाली. खेळातलीच टोपी, डोक्यावर घालायची नाही. ऑक्टोबर २०२५ला मर्यादा ८० झाली, लागणारा एक्सपी नव्याने वाटला गेला आणि जुन्यांचे आकडे एका रात्रीत वर गेले.

याच खेळातली बॅटल लीग मात्र रेटिंगवर चालते: २०००ला एस, २५००ला व्हेटरन, २७५०ला एक्स्पर्ट, ३०००ला लेजंड. पण बक्षिसं मिळतात जिंकलेल्या सामन्यांवर. मग काही हुशार मंडळी मुद्दाम हरतात, रेटिंग खाली आणतात आणि सोप्या प्रतिस्पर्ध्यांना हरवून बक्षिसं गोळा करतात. त्यांच्या तावडीत सापडतो तो खरोखर नवीन माणूस, ज्याला वाटतं आपल्याला हा खेळ जमतच नाही. बक्षीस एका आकड्याला आणि प्रतिस्पर्धी दुसऱ्या आकड्यावरून, असं केलं की हे होणारच.

पुढच्या भागात मागे जाऊ, १९८७च्या ‘मेगामी टेन्सेई’कडे. त्या मालिकेत राक्षसाशी बोलून त्याला पटवावं लागतं, आणि तुमची स्वतःची लेव्हल त्याच्यापेक्षा कमी असेल तर तो यायला तयार होत नाही. भेटू.