ख्रिस्ती लेखणी आणि मराठी भाषा

सुमारे ११,००० ओव्यांचे फादर थॉमस स्टीफन्सकृत मराठी ‘ख्रिस्तपुराण’ सन १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापिले गेले. सन १९०३ मध्ये जेझुइट फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ मासिक काढिले. असे असता, सन २०१९ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड होताच, धर्मगुरूस हा मान कशास, असा गिल्ला झाला! सन २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादेस, आपल्याच मराठवाड्यात, ते अध्यक्षपदी बसले. त्यांचे प्रत्येक मत आम्हां जुन्या वळणाच्या माणसांस रुचेच असे नाही. पण तो वाद मतांचा नव्हता, झग्याचा होता. केदारखेड्याच्या बंधुभगिनींनो, ती निंदा आपल्या मुलांनी मोबाइलवर वाचली. ‘ख्रिस्तपुराणा’चे नाव तरी त्यांस कोणी सांगितले काय?