पापणीला कळणारी ऊब

अंड्याला ऊब देणं ही काही मोठी विद्या नाही. शेणखताचा ढीग, चुलीमागचा कोनाडा, माणसाची कूस, कशातूनही ती मिळते. पुढे रोमची सम्राज्ञी झालेली लिव्हिया गरोदर होती, तेव्हा मुलगा होणार की मुलगी हे पाहण्यासाठी तिने एक अंडं छातीशी धरून उबवलं आणि मधूनमधून ते दाईकडे सोपवलं, अशी हकीकत प्लिनीने लिहून ठेवली आहे. अंड्यातून झोकदार तुऱ्याचा कोंबडा निघाला आणि लिव्हियाला टायबेरिअस झाला. भविष्याचं राहू द्या, पण उबवणीची खरी अडचण या गोष्टीत नेमकी सापडते. ऊब देणाऱ्याला 21 दिवस कुठे जायची सोय नाही.

खुडूक बसलेली कोंबडी हे बिनबोभाट करते. माणसाला ते साधायला फार वेळ लागला, आणि उबवणी यंत्राची सगळी कुळकथा म्हणजे ऊब एका अंशावर अडवून धरण्याची खटपट आहे. तो अंश साधारण 37.5 सेल्सिअसचा. खाली घसरला तर अंडं थोडा काळ सोसतं. वर दोन-तीन अंश चढला आणि तसाच राहिला, की आतला जीव दगावतो.

इजिप्तमध्ये अंडी शेणाच्या ढिगात पुरून उबवतात, असं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने नोंदवलं. पुढे तिथे मातीच्या विटांच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. मधून एक अरुंद बोळ आणि दोन्ही बाजूंना दुमजली खोल्या. खालच्या खोलीत हजारोंनी अंडी, वरच्या खोलीत शेण आणि भुश्शाचा विस्तव. लाकूड वापरायचे नाहीत, कारण लाकडाचा जाळ भडकतो आणि शेणाचा नुसता धुमसतो. राखणदार भट्टीतच राहायचा. रांगत आत जाऊन अंडी फिरवायची, गरम कोपऱ्यातली थंड कोपऱ्यात न्यायची, झरोका किलकिला करायचा. थर्मामीटर नव्हताच. तो अंडं उचलून पापणीला लावायचा. तिथली कातडी पातळ, तिला फरक लगेच कळतो. दहा-बारा दिवसांनी विस्तव बंद होई, कारण तोवर वाढणारा गर्भ स्वतःच उष्णता देऊ लागतो. हे पुस्तकात वाचून नव्हे, पापणीवरून शिकलेलं होतं. नाईलच्या मुखाकडच्या बेरमा गावात ही विद्या बापाकडून मुलाकडे जाई आणि बाहेरच्याला कोणी सांगत नसे.

युरोपियन प्रवासी भट्ट्या पाहून थक्क झाले, पण पापणी घरी कशी नेणार? टस्कनीच्या ड्यूकने तर बेरमाचा कारागीरच फ्लॉरेन्सला आणवला. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूरने 1749 साली या विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला. इजिप्तने पिरॅमिडपेक्षा या भट्ट्यांचा अभिमान बाळगावा, असं त्याचं मत. मलाही ते पटतं; पिरॅमिडच्या पोटातून आजवर काही जिवंत बाहेर आलेलं नाही. स्वतःच्या नावाची तापमानश्रेणी असलेल्या या माणसाने शेतकऱ्यांसाठी मात्र लोणी आणि चरबीचं मिश्रण कुपीत भरायला सांगितलं. ते दाट पाकासारखं वाहू लागलं की ऊब बरोबर. त्याने पिंपं घोड्याच्या लिदीत पुरून पिल्लं काढली, पण पिंपाशेजारी माणूस बसवावा लागे तो लागेच.

माणसाला उठवण्याची युक्ती खरं तर त्याच्या शंभरेक वर्षं आधीच निघाली होती. लंडनमध्ये राहणाऱ्या कॉर्नेलिस ड्रेबेल या डच कारागिराने पेटीत अल्कोहोल आणि पारा भरलेली नळी ठेवली. ऊब वाढली की अल्कोहोल फुगे, पारा वर ढकले, पारा दांडी उचले आणि भट्टीची झडप मिटे. विस्तव स्वतःच स्वतःला आवरू लागला. फ्रिजपासून गिझरपर्यंत आज जे थर्मोस्टॅट आहेत, त्यांच्या आद्य पूर्वजांत ही अंड्यांची पेटी मोडते. 1777 मध्ये पॅरिसच्या बोनमँने गरम पाण्याच्या नळ्यांवर हेच साधलं. 1881 मध्ये इंग्लंडच्या हिअर्सनने नेमक्या उबेला उकळणारा द्रव पातळ धातूच्या डबीत बंद केला. डबी फुगली की झडप हलायची. ही डबी स्वस्त होती, घरात चालणारी होती, आणि तिच्याच जातीच्या डब्यांवर पुढे कित्येक दशकं घरगुती यंत्रं चालली.

सगळ्यात मोठी उडी कोंबड्यांच्या बाहेरची आहे. पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी तिथल्या प्राणी-उद्यानात उबवणी यंत्र पाहिलं आणि ते बनवणाऱ्या ओदिल मार्तांकडून अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तसंच करून घेतलं. 1880 च्या सुमारास ते प्रसूतिगृहात आलं. दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांमधला मृत्यू शेकडा 66 वरून 38 वर आल्याची नोंद 1883 मध्ये छापली गेली. आज ज्याला आपण बाळाची ‘काचेची पेटी’ म्हणतो, तिचं माहेर हे कोंबड्यांचं खुराडं.

कोंबडीलाही यंत्राने बदललं. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावात 1879 मध्ये लायमन बाइसने यंत्र काढलं आणि गाव पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्यांनी भरून गेलं. लेगहॉर्न सहसा खुडूक बसत नाही. बसली तर अंडी देणं थांबतं, म्हणून न बसणाऱ्याच कोंबड्या पिढ्यान् पिढ्या निवडल्या गेल्या. ही निवड परवडली, कारण बसायचं काम पेटीकडे गेलं होतं.

आता थर्मोकोलची पेटी, बल्ब, छोटा पंखा आणि आकडे दाखवणारा कंट्रोलर एवढ्यावर घरी पिल्लं निघतात. ओलाव्यासाठी पाण्याची वाटी लागते, गर्भ कवचाच्या पापुद्र्याला चिकटू नये म्हणून अठराव्या दिवसापर्यंत अंडी फिरवावी लागतात, आणि शेवटचे तीन दिवस झाकण उघडायचा मोह आवरावा लागतो. वीज गेली तर घाबरून गरम पाण्याच्या बाटल्या कोंबू नयेत. पेटीवर गोधडी टाकून थांबावं. कोंबडीसुद्धा दाणा टिपायला रोज अंडी उघडी टाकून उठतेच.