पर्यटन मंडळाचा सिंह

सिंगापूरला जाऊन आलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या अल्बममध्ये एक फोटो हमखास असतो. मागे सिंहाचं तोंड आणि माशाची शेपटी असलेला पांढरा पुतळा, आणि पुढे त्याच्या तोंडातून पडणारं पाणी ओंजळीत झेलल्याचा आव आणणारे काका. माझाही आहे. (मी ओंजळ केली नाही, तोंड उघडलंय. म्हणजे जास्तच वाईट!)

ऑनसाइटला होतो तेव्हाची गोष्ट. आपल्याकडे नरसिंह आहे, मत्स्यावतार आहे, त्यामुळे हा मर्लायनही कुठल्यातरी मलय पुराणातला देव असणार असं मी गृहीतच धरलं होतं. ऑफिसमधल्या स्थानिक सहकाऱ्याला विचारलं तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "देव कसला? कमिटीने काढलाय तो." मग काय, तेव्हापासून हा विषय डोक्यात बसला तो बसलाच. या वीकेंडला एकदाचं लिहून टाकतोय.

तर झालं असं. १ जानेवारी १९६४ ला सिंगापूरने पर्यटन प्रसार मंडळ स्थापन केलं. काळ बघा कसा होता. सिंगापूर तेव्हा मलेशियाचा भाग होतं, इंडोनेशियाशी संघर्ष चालू होता, शहरात बॉम्ब फुटत होते. पुढच्याच वर्षी, ९ ऑगस्ट १९६५ ला मलेशियातून बाहेर पडून या शहराचा देश झाला. ना शेती, ना खनिजं, प्यायचं पाणीसुद्धा शेजाऱ्याकडून. अशा वेळी "आमच्याकडे फिरायला या" म्हणायचं म्हणजे मोठंच धाडस होतं. वर्षाला जेमतेम लाखभर पाहुणे यायचे.

मंडळाला बोधचिन्ह हवं होतं. ते काढलं अ‍ॅलेक फ्रेझर-ब्रुनर यांनी. हे गृहस्थ मुळात मत्स्यशास्त्रज्ञ! फोर्ट कॅनिंगच्या पायथ्याशी व्हॅन क्लीफ मत्स्यालय होतं, त्याचे क्युरेटर. सिंह घेतला दंतकथेतून. 'सेजारा मलायू' या जुन्या ग्रंथात पालेंबांगचा राजपुत्र सांग नीला उतामा या बेटावर उतरतो, त्याला एक रुबाबदार प्राणी दिसतो, कोणीतरी सांगतं हा सिंह, आणि गावाचं नाव पडतं सिंहपुर. नाव तर चक्क आपल्या ओळखीचं, संस्कृत. गंमत म्हणजे या भागात सिंह कधी नव्हतेच. दिसला असलाच तर वाघ असावा. आणि मासा कशाला? तर हे मुळात समुद्रकाठचं कोळ्यांचं गाव म्हणून. झालं चिन्ह तयार.

हे चिन्ह १९६६ मध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं गेलं. १५ सप्टेंबर १९७२ ला पंतप्रधान ली क्वान यू यांनी नदीच्या मुखाशी पुतळ्याचं उद्घाटन केलं. उंची ८.६ मीटर, वजन ७० टन, घडवणारे शिल्पकार लिम नांग सेंग. म्हणजे आधी लोगो आला, मग पुतळा, आणि मग हळूहळू लोकांना वाटायला लागलं की हे फार प्राचीन काहीतरी आहे. आपल्याकडे नेमकं उलटं असतं, देऊळ हजार वर्षांचं आणि माहितीचा फलक गायब.

इथपर्यंत गोष्ट विनोदी आहे. आता पुढची ऐका.

मंडळाची त्या काळातली जाहिरात होती 'इन्स्टंट एशिया'. चिनी, मलय, भारतीय, सगळा आशिया एकाच शहरात, दोन दिवसांत बघून घ्या. पण एकीकडे जाहिरातीत तो आशिया दाखवला जात होता आणि दुसरीकडे सरकार तोच पाडत होतं. जुन्या दुकानघरांच्या रांगाच्या रांगा गेल्या, नदीकाठचे फेरीवाले हलवले, १९८३ मध्ये चायनाटाउनच्या रस्त्यांवरचे विक्रेते एका इमारतीत नेऊन बसवले. याला नुसता वेडेपणा म्हणून चालणार नाही हां. त्या 'सुंदर' दुकानघरांत एकेका खोलीत फळ्या ठोकून कुटुंबं राहायची, सगळ्यांत मिळून एक संडास. ज्यांना नळ आणि स्वतःचं न्हाणीघर असलेला फ्लॅट मिळाला, त्यांना जुनी कमान गेल्याचं किती दुःख झालं असेल?

पण १९८३ मध्ये पाहुण्यांची संख्या घटली. वर्षानुवर्षं चढणारा आलेख पहिल्यांदाच खाली आला. सरकारने अभ्यासगट नेमला आणि १९८४ मध्ये त्याने सांगितलं की बाबांनो, आधुनिक होण्याच्या नादात आपण आपली पौर्वात्य मोहिनीच घालवून बसलो. पाहुणे जे बघायला येत होते, तेच आपण काढून टाकलं.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. जुनी सिस्टिम कुरूप असते, कागदपत्रं नसतात, म्हणून आपण ती उडवून नवी चकाचक लिहितो. गो-लाइव्हच्या दुसऱ्या दिवशी फोन येतो, "ते एक असं होतं ना, त्याच्यावरच आमचं सगळं काम चालायचं." ते 'एक असं' कुठल्याच स्पेसिफिकेशनमध्ये नसतं.

मग दुरुस्ती सुरू झाली. १९८६ मध्ये १०० कोटी सिंगापूर डॉलरची पर्यटन विकास योजना आली. १९८९ मध्ये चायनाटाउन, लिटल इंडिया, काम्पोंग ग्लाम हे भाग संरक्षित झाले. राफल्स हॉटेल डागडुजी होऊन १९९१ मध्ये पुन्हा उघडलं. इमारती वाचल्या, हे मोठंच काम. पण बुगिस स्ट्रीटचं काय? रात्री तिथे तृतीयपंथीयांची वर्दळ असायची, आणि ती बघायला जगभरचे खलाशी आणि पर्यटक जमायचे. १९८० च्या दशकात मेट्रोच्या कामासाठी हा रस्ता पाडला. पुढे जवळच त्याची हुबेहूब प्रतिकृती उभी केली. रस्ता आला, दिवे आले, माहोल काही आला नाही. तो बांधकामाच्या टेंडरमध्ये लिहिता येत नाही.

१९९८ मध्ये मंडळाने चायनाटाउनला 'जिवंत' करायला सुमारे ९.७५ कोटी डॉलरची योजना आणली. तेव्हा वारसाप्रेमींनी आणि नागरिकांनी जोरदार विरोध केला. आमच्या आठवणींचं थीम पार्क करू नका, असा त्यांचा मुद्दा होता. मला ही या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची जागा वाटते. शहर पाहुण्यांना छान दिसावं हे मंडळाचं कामच आहे, पण ज्या दिवशी राहणाऱ्यालाच आपल्या गल्लीत पाहुण्यासारखं वाटायला लागतं, त्या दिवशी पाहुण्याला दाखवायलाही काही उरत नाही.

बाकी घोषवाक्यं बदलत गेली. २००४ ला 'युनिकली सिंगापूर', २०१० ला 'युवरसिंगापूर', २०१७ ला 'पॅशन मेड पॉसिबल'. १९९७ मध्ये मंडळाचं नावही बदललं आणि त्याच सुमारास लोगोतला मर्लायन गेला. त्याच वर्षी पूर्ण झालेल्या पुलामुळे पुतळा समुद्राकडून दिसेना, म्हणून २००२ मध्ये त्याला १२० मीटर पलीकडे हलवलं. सेंटोसा बेटावरचा ३७ मीटरचा थोरला मर्लायन तर २०१९ मध्ये बंद करून पाडूनच टाकला. २०१९ मध्ये १ कोटी ९१ लाख पाहुणे आले होते, तेव्हा मंडळाला नावं ठेवायला जीभ तशी जडच होते म्हणा.

आणि आता शेवटची गंमत. २०२० मध्ये सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. ही हॉकर सेंटरं पर्यटकांसाठी बांधलेली नव्हती. रस्त्यावरचे खाद्यविक्रेते स्वच्छतेसाठी आत आणायचे, त्यांना नळ आणि गटार द्यायचं, एवढाच उद्देश. स्थानिक लोक रोज जेवायला जात राहिले, म्हणून ती टिकली. आणि म्हणूनच आज पाहुणेही तिथे रांगेत उभे असतात.

तो सहकारी मर्लायनपाशी माझा फोटो काढून देऊन मला अशाच एका ठिकाणी घेऊन गेला होता. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा कशी अडवायची हे शिकवलं. फोटो आता बघवत नाही, पण ते जेवण अजून आठवतं.

असो. पुढच्या वेळी गेलात तर फोटो जरूर काढा. फक्त तोंड बंद ठेवा.