वान्झे बैठकीचं इतिवृत्त कसं वाचायचं?

सरकारी कागद हा संशोधनाचा पुरावा असतो. पण त्यात लिहिलंय तेवढंच वाचलं तर फसायला होतं. एक उदाहरण बघूया.

२० जानेवारी १९४२. बर्लिनमधल्या वान्झे तलावाकाठचा एक बंगला. नाझी राजवटीचे १५ अधिकारी जमले होते. गृह, न्याय, परराष्ट्र खातं, एसएस, पक्ष कार्यालय, सगळीकडचे. अध्यक्ष राइनहार्ड हायड्रिख. इतिवृत्त तयार केलं अडोल्फ आइकमननं. बैठक साधारण दीड तास चालली. आणि हो, या पंधरापैकी आठ जणांकडे डॉक्टरेट होती!

इतिवृत्त १५ पानांचं आहे. त्यात युरोपातल्या ज्यूंचा देशवार तक्ता आहे, बेरीज १ कोटी १० लाखांहून जास्त. जर्मनीच्या ताब्यात नसलेल्या इंग्लंडचेही ३,३०,००० मोजलेत. पण 'ठार मारणे' हे शब्द कुठेच नाहीत. आहे ते 'पूर्वेकडे हलवणे'. बैठकीत मारण्याबद्दल उघड बोलणं झालं होतं, हे आइकमननं १९६१ च्या जेरुसलेममधल्या खटल्यात सांगितलं.

आता तारीख बघा. ज्यूंना मारायचा निर्णय इथे झाला, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. पण सप्टेंबर १९४१ मध्ये कीव्हजवळ बाबी यार इथे दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या गेल्या होत्या. खेल्मनोत विषारी वायूनं मारणं डिसेंबरमध्येच सुरू झालं होतं. म्हणजे हत्या आधीच चालू होत्या. बैठक होती ती सगळ्या खात्यांना एका कामाला जुंपण्यासाठी. कारण रेल्वे, याद्या, कायदे, जप्ती यांच्याशिवाय एवढा संहार शक्य नव्हता. कुणी विरोध केल्याची नोंद इतिवृत्तात नाही.

या इतिवृत्ताच्या ३० प्रती निघाल्या. सापडली एकच, परराष्ट्र खात्याची १६ वी, तीही १९४७ मध्ये. एका खात्याच्या फायलीत ती राहिली म्हणून आज आपल्याला हे सगळं वाचता येतं.

आपण प्रबंधात सर्रास 'नमुने गोळा करण्यात आले' असं लिहितो. प्रयोगशाळेत ते चालतं. पण इतिहासाच्या कागदात 'हलवण्यात आले' असं दिसलं की थांबा आणि विचारा: कुणाला, कुठे, आणि सही कुणाची?