लाल तेल आणि घरची मोठी गाडी

नोव्हेंबर 1962 मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या टोलेडोहून जीप वॅगोनिअर बाजारात आली. तिची घडण ब्रुक्स स्टीव्हन्स या नामवंत डिझायनरची. घराणं युद्धातल्या जीपचंच, पण गिऱ्हाईक निराळं: मुलंबाळं आणि आठवडाभराचं सामान घेऊन डोंगराकडे निघणारं कुटुंब. या कुटुंबासाठी कंपनीने जादा पैसे मोजून घेता येईल अशी एक सोय ठेवली होती, जी तोवर चारही चाकांना ओढ देणाऱ्या गाड्यांत मिळत नसे. ती म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. चिखलात, बर्फात जाणारी गाडी आता क्लच न दाबता चालवता येऊ लागली. घरगुती एसयूव्हीचा जन्म इथला मानायला हरकत नाही.

तिच्या मालकाची काळजीही तिथूनच सुरू झाली. ब्रेक सोडल्यावर गाडी हलायला वेळ लागतो, चढावर इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका बसतो, आणि एके दिवशी गॅरेजवाला सांगतो की बॉक्स खोलावा लागेल. साठ वर्षांत मॉडेलं बदलली, तीन गिअरांचे नऊ झाले, पण तक्रारीची भाषा फारशी बदलली नाही. कारण या सगळ्या दुखण्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा दोनच गोष्टी निघतात: तेल आणि उष्णता. या इतिहासात मालकाचा त्या तेलाशी असलेला संबंध कसा तुटला आणि त्याने तो पुन्हा कसा जोडला, हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे.

ऑटोमॅटिकमधलं तेल हे नुसतं वंगण नव्हे. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असतं आणि इंजिनची ताकद त्याच्यामार्फत पुढे जाते. त्याच तेलाच्या दाबाने आतल्या क्लच प्लेटा आवळल्या जातात. दातेरी चाकांना ओल तेच देतं, आणि घर्षणातून निर्माण झालेली उष्णता बाहेर नेऊन टाकण्याचं कामही त्याचंच. एवढा भार एकाच द्रवावर असताना तो जळकट झाला, तर बाकीचे शेकडो भाग कितीही उत्तम घडवलेले असोत, गाडी अडणारच.

मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे जनरल मोटर्सचा हायड्रा-मॅटिक. 1939 च्या शरद ऋतूत तो 1940 सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत आला. त्यामागचा प्रमुख अभियंता अर्ल थॉम्पसन. साध्या गिअरबॉक्समधले गिअर खडखडाट न होता पडावेत म्हणून लागणारी सिंक्रोमेशची युक्तीही त्याचीच. जादा किंमत होती 57 डॉलर. लगोलग महायुद्ध आलं आणि हाच बॉक्स एम-5 स्टुअर्ट रणगाड्यांत दोन कॅडिलॅक इंजिनांना जोडून बसवला गेला. युद्धानंतर कंपनीने जाहिरातींत या अनुभवाचा भरपूर उपयोग करून घेतला.

1949 मध्ये जनरल मोटर्सने या तेलाचं ‘टाइप ए’ नावाचं मानक ठरवलं. तेलात लाल रंग घालायची पद्धत पडली ती ओळख पटावी म्हणून. गाडीखाली फरशीवर ठिपका दिसला की तो इंजिनचा की गिअरबॉक्सचा, हे एका नजरेत कळावं. त्याच्या जोडीला बॉनेट उघडल्यावर हाताशी येणारी डिपस्टिक होती. ती उपसायची, पांढऱ्या फडक्यावर पुसायची, पुन्हा घालून काढायची. तेल चेरीसारखं लाल आणि पारदर्शक असेल तर निश्चिंत राहावं. तपकिरी होऊन करपल्याचा वास आला तर प्लेटांचं अस्तर जळतंय. काळ्या तेलात बोटांना कणी लागली तर उशीर झाला. एवढं निदान घरातल्या कोणालाही दारात उभ्या गाडीवर करता येई, आणि जुन्या मालकांच्या हाताला ते वळणच पडलं होतं.

या तेलाच्या इतिहासात एक क्लेशकारक पान आहे. घर्षण नेमकं राहावं आणि तापल्यावरही तेल टिकावं म्हणून त्यात स्पर्म व्हेलचं तेल मिसळलं जाई. लाखो कुटुंबांच्या गाड्यांच्या पोटात समुद्रातल्या एका भव्य प्राण्याचा अंश फिरत होता आणि फार थोड्यांना त्याची कल्पना होती. 1970 मध्ये अमेरिकेने हा व्हेल संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातला आणि ती वाट बंद झाली. ते योग्यच झालं. पण पर्याय शोधताना तंत्रज्ञांची दमछाक झाली. पुढच्या वर्षांत आलेल्या डेक्स्रॉन-2 या तेलाच्या एका आवृत्तीने तर गिअरबॉक्सच्या कूलरमधले धातूचे सांधेच खाल्ले, आणि गंजरोधक घालून ती सुधारावी लागली.

तेल चुकलं तर काय होतं, हे क्रायसलरच्या 1989 च्या मिनिव्हॅनमध्येही दिसलं. नव्या इलेक्ट्रॉनिक बॉक्सला कंपनीचं ठरावीक तेल लागायचं, आणि गॅरेजमध्ये मात्र सर्रास मिळणारं डेक्स्रॉन ओतलं जाई. गाडी थरथरू लागली की दोष बॉक्सवर जायचा. बॉक्समध्ये दोष होतेच, पण बिघाडांत चुकीच्या तेलाचाही वाटा होता.

एसयूव्ही खऱ्या अर्थाने घरोघरी पोचवली ती 1990 मध्ये आलेल्या फोर्ड एक्स्प्लोररने. चार दरवाजे, ऐसपैस डिकी, उंच बैठक. तिच्यातला ए-4-एल-डी हा ऑटोमॅटिक बॉक्स मात्र मुळात लहान गाड्यांसाठी घडवलेल्या तीन गिअरी सी-3 चा वाढीव अवतार होता. पुढे ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे सरळ रस्त्यावर इंजिन सावकाश फिरू देणाऱ्या वरच्या गिअरचा, संच जोडून त्याचे चार गिअर केले होते. कुटुंबाची गाडी म्हणजे सात-आठशे किलोंचा जादा भार आलाच: माणसं, टपावर सायकली, मागे ट्रेलरवर बोट. चढावर ओव्हरड्राइव्हमध्ये राहून गाडी सतत वरखाली गिअर बदलत राहिली की तेल तापे. अमेरिकन गॅरेजांत एक तक्ता टांगलेला असे. त्याचा ढोबळ हिशेब असा की साधारण 80 अंश सेल्सिअसच्या वर तेलाचं तापमान दर 11 अंशांनी चढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. एक्स्प्लोररच्या शहाण्या मालकांनी यातून दोन सवयी लावून घेतल्या. ट्रेलर लावला की ओव्हरड्राइव्ह बंद करायचा, आणि रेडिएटरपुढे तेलासाठी वेगळा कूलर बसवायचा.

आणि नेमक्या याच काळात डिपस्टिक नाहीशी होऊ लागली.

मर्सिडीजची एम-क्लास 1997 पासून अलाबामातल्या टस्कलूसाजवळ बनू लागली. तिच्या पाच गिअरी बॉक्सला तेल तपासायची नळी होती, पण आत पट्टी नव्हती. वर टोपण आणि ते फक्त वर्कशॉपने उघडायचं. तेल आयुष्यभरासाठी भरलं आहे, असं सांगण्यात आलं. काही वर्षांत कंपनीने भूमिका बदलली आणि 39,000 मैलांवर तेल बदलायला सांगितलं. 2002 च्या एक्स्प्लोररमधूनही डिपस्टिक गेली. जर्मनीची झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी आपल्या बॉक्सचं तेल 80,000 ते 1,20,000 किलोमीटरवर किंवा आठ वर्षांनी बदलावं असं सांगत असताना, तेच बॉक्स वापरणाऱ्या काही गाड्यांच्या पुस्तिकेत तेल बदलण्याचा उल्लेखच नसे. यात मालकाचं मोठं नुकसान झालं. वॉरंटीपुरतं आयुष्य आणि गाडीचं आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेलेल्या गाडीच्या मालकाला त्यातला फरक स्वतःच्या खिशातून भरावा लागला.

त्याच मर्सिडीज बॉक्समध्ये बाजूला एक प्लॅस्टिकचा लहान प्लग आहे. आतल्या इलेक्ट्रिक भागांना जाणारी वायर त्यातून जाते, आणि त्याच्यावरच्या दोन रबरी कड्यांनी तेल अडवायचं असतं. कड्या कडक झाल्या की तेल पाझरतं. एवढंच नव्हे, तर वायरींच्या आतून वर चढत जाऊन थेट कंट्रोल युनिटमध्ये पोचतं. मग गाडी दुसऱ्या गिअरमध्येच अडकून बसते. अनुभवी मेकॅनिक अशा वेळी बॉक्स खोलायच्या गप्पा करत नाही. तो आधी कंट्रोल युनिटची जोडणी उपसून तिच्यावर लाल ओल आहे का ते बघतो, आणि अनेकदा काही डॉलरच्या त्या प्लगवर काम भागतं. चुकीच्या गॅरेजमध्ये गेलेल्या मालकाला याच लक्षणासाठी पूर्ण नवा बॉक्स घ्यावा लागण्याची भीती असते.

एप्रिल 2004 मध्ये होंडाने अमेरिकेत सुमारे 11 लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांत पायलट आणि अक्युरा एमडीएक्स या घरगुती एसयूव्ही होत्या, ओडिसी मिनिव्हॅनही होती. दुसऱ्या गिअरच्या दातेरी चाकावर पुरेसं तेल पोचत नव्हतं. ते तापून तुटलं तर धावती गाडी जागीच जखडण्याचा धोका. उपाय ठरला तो असा: 15,000 मैलांपेक्षा कमी चाललेल्या गाडीत तेलाची परतीची वाट बदलून त्या चाकावर थेट फवारा सोडायचा. त्यापेक्षा जास्त चाललेल्या गाडीत आधी आत डोकावून चाकाचा रंग पाहायचा. तापून रंग उतरला असेल तर बॉक्सच बदलायचा. होंडाच्या अनेक मालकांनी पुढे स्वतःची रीत पाडली. एकदा तेल काढलं तर निम्म्याहून कमीच निघतं, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे तेलातल्या त्या दोन पंख्यांच्या जोडीत, अडकून राहतं. म्हणून काढायचं, भरायचं, थोडी गाडी फिरवायची, आणि हे तीनदा करायचं.

निसानच्या 2005 ते 2010 च्या पाथफाइंडरची कथा अधिक जिव्हारी लागते, कारण तिच्यात बॉक्सचा दोषच नव्हता. गिअरबॉक्सचं तेल गार करणारा कूलर रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला होता. त्याला आतून तडा गेला की कूलंट आणि तेल एकमेकांत मिसळत. कूलंटमधल्या ग्लायकॉलने क्लच प्लेटांवरच्या अस्तराचा डिंक सुटतो, आणि अस्तर सोलून निघतं. रेडिएटरचं झाकण उघडावं तर आत दाट गुलाबी फेस. मालकांनी त्याला ‘स्ट्रॉबेरी मिल्कशेक’ असं नाव दिलं, आणि ते तिथल्या गॅरेजांत रूढ झालं. ज्यांना आधीच सुगावा लागला त्यांनी रेडिएटरमधल्या कूलरचे होज काढून टाकले आणि तेल थेट वेगळ्या कूलरकडे वळवलं. काहींनी रेडिएटरच बदलला. काही शे डॉलरच्या या कामाने हजारो डॉलरचा बॉक्स वाचला.

बाकीच्यांनी कागदाचा मार्ग धरला. अमेरिकेत ग्राहकाच्या हाती 1975 पासून वॉरंटीविषयीचा मॅग्नुसन-मॉस कायदा होता, आणि 1982 मध्ये कनेक्टिकट राज्याने सदोष नव्या गाडीसाठी पहिला ‘लेमन लॉ’ केला होता. पाथफाइंडरच्या तक्रारी सरकारी वाहनसुरक्षा विभागाकडे जमत गेल्या, सामूहिक दावे झाले. निसानने आधी 8 वर्षं किंवा 80,000 मैलांपर्यंत वॉरंटी वाढवली. तडजोडीनंतर ती 10 वर्षं किंवा 1,00,000 मैलांवर गेली, पण 80,000 च्या पुढच्या मालकाने 2,500 आणि 90,000 च्या पुढच्याने 3,000 डॉलर स्वतः घालायचे होते. पावत्या जपून ठेवलेल्यांचं काम सोपं झालं. एखाद्या मेकॅनिकच्या हातकौशल्याइतकंच मोल या कागदांच्या फाइलीला आहे.

महाराष्ट्राचा धागा या इतिहासात नाशिकला जुळतो. महिंद्राची स्कॉर्पिओ तिथे बनते. 2008 मध्ये तिच्या एमहॉक डिझेल इंजिनाला सहा गिअरी ऑटोमॅटिकची जोड मिळाली. तो बॉक्स ऑस्ट्रेलियातल्या ड्राइव्हट्रेन सिस्टिम्स इंटरनॅशनलचा. पुढच्याच वर्षी ही कंपनी आर्थिक गर्तेत सापडली आणि चीनच्या गीलीने ती विकत घेतली. तेव्हा आपल्याकडच्या गॅरेजांचा हात क्लच प्लेट बदलण्यात तयार होता. ऑटोमॅटिक बॉक्स उघडणारे फिटर मोजकेच. चाकणला बनणाऱ्या एक्सयूव्ही 500 मध्ये 2015 साली जपानच्या आयसिनचा बॉक्स आला, आणि घरगुती एसयूव्हीत ऑटोमॅटिक मागणाऱ्यांची संख्या वाढू लागली. कसाऱ्याच्या घाटात भरलेली गाडी उतरवताना गिअर हाताने खाली ठेवायचा, नुसत्या ब्रेकवर यायचं नाही, हे नव्या मालकांना शिकावं लागलं. जुनी गाडी घेताना बॉक्सचं तेल केव्हा बदललं आणि त्याची पावती कुठे आहे, हे विचारायची सवय मात्र अजून पुरती रुजलेली नाही. ती रुजायला हवी.

निसानच्या पाथफाइंडरने पुढे आणखी एक वळण घेतलं. 2013 च्या मॉडेलात कंपनीने नेहमीचा बॉक्स काढून पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी बसवला. हॉलंडच्या डाफ कंपनीने 1958 मध्ये छोट्या गाडीत आणलेल्या पट्ट्याच्या कल्पनेचंच हे नवं रूप. निसानने 2003 च्या मुरानोपासून तो साडेतीन लिटरच्या इंजिनाला जोडला होता, आणि 2010 मध्ये जुन्या सीव्हीटी गाड्यांची वॉरंटी 10 वर्षं किंवा 1,20,000 मैलांपर्यंत वाढवायची वेळ आली होती. नव्या पाथफाइंडरच्या मालकांनाही थरथर आणि ओढ कमी पडणं यांनी छळलं, आणि तिचीही वॉरंटी वाढवावी लागली. 2022 च्या पाथफाइंडरमध्ये निसानने सीव्हीटी सोडला आणि टॉर्क कन्व्हर्टरचा नऊ गिअरी बॉक्स आणला, तोही झेडएफचा. झेडएफच्याच नऊ गिअरी बॉक्सचं सॉफ्टवेअर नीट बसत नाही म्हणून 2013 च्या उन्हाळ्यात, वॅगोनिअरच्या त्याच टोलेडो शहरात, तयार झालेल्या हजारो जीप चेरोकी कारखान्याच्या आवारात उभ्या ठेवाव्या लागल्या होत्या.