वर्धा खोऱ्यातील गाळाचे खडक : कोळशाचा शोध आणि भूविज्ञानाची जडणघडण

प्रस्तावना :
पृथ्वीच्या इतिहासाच्या साधनांत गाळाच्या खडकांचे स्थान अग्रक्रमाचे आहे. पाणी, वारा व बर्फ यांनी वाहून आणलेला गाळ थरांवर थर साचून घट्ट होतो आणि त्या त्या काळातील जीवसृष्टीच्या व हवामानाच्या खुणा त्यात टिकून राहतात. कोळसा, चुनखडक व वालुकाश्म यांमुळे हेच खडक उद्योगांनाही आधारभूत ठरले आहेत. नागपूर-चंद्रपूर परिसरात एकोणिसाव्या शतकात या खडकांचा अभ्यास कसा घडला आणि त्यात शास्त्र व उद्योग यांचे परस्परसंबंध कसे होते, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

आरंभीचे अभ्यासक :
या परिसरातील खडकांचा पद्धतशीर अभ्यास प्रथम धर्मप्रसारकांनी केला. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप (1817-1863) 1845 मध्ये नागपुरास आले. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी कामठीजवळील सिलेवाडा येथील वालुकाश्मातून वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले. 1855 मध्ये त्यांचा निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे मिळालेल्या उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी त्याच वर्षी केले. या संशोधनामागे कोणताही औद्योगिक हेतू नव्हता.

कोळसा आणि थरांचा क्रम :
शासनाचा हेतू मात्र वेगळा होता. आगबोटी व रेल्वे यांना कोळसा हवा होता आणि याच गरजेतून 1851 मध्ये टॉमस ओल्डहॅम यांच्या नेतृत्वाखाली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था आकारास आली. वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्रावरील टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांचा ग्रंथ 1877 मध्ये प्रसिद्ध झाला. येथील गोंडवनी खडकांचा क्रम तळाशी तालचेर, त्यावर कोळसा असलेला बराकर आणि वर कामठी असा आहे. त्यामुळे पृष्ठभागावर कामठी वालुकाश्म आढळल्यास खाली कोळसा असण्याची शक्यता राहते. तालचेर आढळल्यास तेथे खोदणे व्यर्थ ठरते. म्हणजेच कोळशाचा शोध कोळसा नसलेल्या थरांच्या ज्ञानावर अवलंबून होता. वरोरा येथे सरकारी खाण सुरू झाली व तेथपर्यंत रेल्वेचा फाटा नेण्यात आला. ती खाण 1906 मध्ये बंद झाली; परंतु वर्धा खोऱ्यातील कोळसा उद्योग पुढे वाढतच गेला. हिस्लॉप यांनी जीवाश्म वेचलेल्या सिलेवाड्यातही कालांतराने कोळशाची खाण झाली.

निरुपयोगी थराची साक्ष :
उद्योगाच्या दृष्टीने तालचेर थराला मोल नव्हते. तथापि 1856 मध्ये ओरिसातील तालचेर येथे ब्लॅनफर्ड बंधू व विल्यम थिओबाल्ड यांना बारीक गाळात रुतलेले मोठमोठे गोटे आढळले आणि ते बर्फाने आणले असावेत, असे अनुमान त्यांनी मांडले. उष्ण कटिबंधातील भूमीविषयीचे हे अनुमान तेव्हा धाडसी होते. 1875 मध्ये फ्रान्सिस फेडन यांनी चंद्रपूरजवळ, वर्धा-पैनगंगा संगमाच्या परिसरातील इरई येथे त्यास भक्कम पुरावा दिला. तालचेरच्या गोट्यांखालील चुनखडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झाला होता व त्यावर समांतर ओरखडे होते. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी येथून हिमनदी सरकल्याची ती साक्ष होती. दक्षिणेकडील इतर खंडांतही अशाच खुणा मिळाल्या. एडुआर्ड स्यूस यांनी मांडलेली गोंडवनभूमीची संकल्पना आणि आल्फ्रेड वेगेनर यांचा 1912 मधील खंडवहनाचा सिद्धान्त यांना अशा खडकांनी व जीवाश्मांनी आधार पुरविला.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, शास्त्र व उद्योग यांचे नाते एकेरी नाही. कोळशाच्या गरजेने सर्वेक्षणास चालना दिली. परंतु त्यातून लाभलेले सर्वांत मोलाचे ज्ञान विक्रीयोग्य नसलेल्या थरात होते. या नात्याची दुसरी बाजूही लक्षात घेणे आवश्यक आहे. हिमनदीचे ओरखडे जपणारा पैनगंगा चुनखडक हाच चंद्रपूर परिसरातील सिमेंट उद्योगाचा कच्चा माल आहे. दप्तरखान्यातील कागद जळाल्यास कधीकधी त्याची नक्कल सापडते. खणून नेलेल्या थराची नक्कल नसते. म्हणून उत्खननापूर्वी अशा स्थळांची मोजणी, छायाचित्रण व नमुन्यांचे जतन होणे अगत्याचे आहे. परिसरातील महाविद्यालयांच्या भूगोल, भूविज्ञान व इतिहास विभागांनी हे कार्य संयुक्तपणे हाती घेतल्यास हिस्लॉप यांनी आरंभिलेली स्थानिक अभ्यासाची परंपरा पुढे चालू राहील.